सुटलेली ओळ

“एच चोच जी. म्हणून तिसऱ्या प्रमेयावरून... मास्तर, झोपलात का?”

“नाही. पुढे वाच.”

मी खाली कणीक मळत होते. आमच्या इमारतीच्या भिंती काही इतक्या पातळ नव्हत्या. हौ ग्वेइलानचा आवाजच तसा होता. निम्मं आयुष्य तिने कापड गिरणीत मागांच्या खडखडाटात काढलं होतं. तिथे शेजारणीला सुई मागायची तरी ओरडूनच मागावी लागे. गिरणी सुटली, पण आवाज तसाच राहिला, आणि कान मात्र गिरणीनेच ठेवून घेतले. ती दोघं पाचव्या मजल्यावर, मी चौथ्या. तिचा नवरा लुओ वेनशान आमच्या अध्यापक महाविद्यालयात गणित शिकवायचा आणि मी त्याच विभागात नवीन लागलेली. रोज संध्याकाळी जेवणं झाली की वर गणिताच्या शोधनिबंधांचं वाचन सुरू व्हायचं आणि मला घरबसल्या ते ऐकू यायचं.

लुओ सरांची दृष्टी ऐन चाळिशीत काचबिंदूने गेली. चीनच्या शान्शी प्रांतातल्या आमच्या आडबाजूच्या कॉलेजात अशा माणसाला घरी बसवायला कुणाची हरकत नव्हती. सर म्हणाले, फळ्यावर विद्यार्थी लिहितील, मी बोलेन. तेवढं जमलं. पण नवे निबंध कोण वाचून दाखवणार? ग्वेइलान शाळेत फार शिकलेली नव्हती. गणिताच्या खुणांना तिने आपली आपण नावं पाडली. एक उपगट दुसऱ्याच्या आत गुण्यागोविंदाने बसलाय हे दाखवायला जी त्रिकोणी खूण असते, ती तिची ‘चोच’. मूळ संख्येचा पी हा ‘पोटवाला’. हळूहळू सरांचे विद्यार्थीही तेच शब्द वापरायला लागले. एकाने बाहेरच्या परीक्षकापुढे ‘चोच’ म्हटलं, तेव्हा परीक्षक बुचकळ्यात पडला होता.

सरांचं काम सांगायला सोपं होतं. सांत गट म्हणजे मोजक्या घटकांचं एक कुटुंब. त्याच्या पोटात लहान लहान उपगट. सगळ्या गटात हात न घालता फक्त त्या लहानग्यांचं वागणं तपासायचं आणि त्यावरून सबंध गटाची घडण सांगायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती हीच. फक्त कुठलं शीत उचललं की भात कळतो, ते सिद्ध करावं लागतं. ग्वेइलानला हे एकदा त्यांनी समजावलं होतं. ती म्हणाली, “एवढंच ना? सुनेने पहिल्या दिवशी भांडं कसं ठेवलं त्यावरून सासूला सगळं कळतं. तिला कुणी पगार देत नाही.”

त्या वर्षी सरांचा मोठा निबंध एका चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला. उपगटांचा एक नवा गुणधर्म दुसऱ्या कुणी काढला होता. त्यावरून गटाची घडण ठरते, असा सरांचा सिद्धांत. त्याच्या जोरावर त्यांना प्राध्यापकपद मिळणार हे विभागात ठरल्यासारखंच होतं. प्राध्यापकाला नव्या इमारतीत तळमजल्यावर घर मिळे. ग्वेइलानचे गुडघे गेले होते. कोबीची पिशवी घेऊन ती जिना चढायची तेव्हा प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसायची. तळमजल्याची ती जागा तिने जाऊन पाहिलीही होती. मला म्हणाली, “खिडकीखाली चार कांद्याच्या पाती लावता येतील गं.”

छपाईआधी तपासायला पानं आली, तीच ग्वेइलान त्या संध्याकाळी, मी कणीक मळत होते तेव्हा, वाचत होती. मध्येच आवाज तुटला. तिला थांबवायचं तर सर तिच्या मनगटावर हात ठेवायचे, कारण बोललेलं तिला नीट ऐकू येत नसे. थोड्या वेळाने घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पाइपवर टकटक झाली. म्हणजे मला वर बोलावणं. पिठाचे हात पुसत मी गेले.

 सरांनी मला कपाटातली एक जुनी झेरॉक्स काढायला सांगितली, ज्या निबंधावर त्यांचा सगळा सिद्धांत उभा होता त्याची. दुसरं प्रमेय मोठ्याने वाच म्हणाले. मी वाचलं. मूळ संख्येइतक्या घटकांचे उपगट अमुक तऱ्हेने वागत असतील तर पुढचं सगळं खरं, असं त्यात होतं. आणि खालच्या ओळीत, “पी दोन असेल तर चार घटकांचे चक्रीय उपगटही तसेच वागले पाहिजेत.”

“ही ओळ आहे तिथे?” सरांनी विचारलं.

“आहे.”

“मी कधी ऐकली नाही.”

दोनाच्या बाबतीत अशी अट लागते हे ह्या विषयात सगळ्यांना माहीत असतं. ह्या नव्या गुणधर्माला ती लागत नाही, हेच सरांना अपूर्व वाटलं होतं आणि त्यावरच त्यांनी इमारत चढवली होती. आता स्वतःचीच पानं ऐकताना त्यांना एक चोवीस घटकांचा गट आठवला. त्यात दोन घटकांचा उपगट एकच, तोही अगदी गुणी. तरी सबंध गट सिद्धांताला जुमानत नाही. सिद्धांत खोटा होता.

ग्वेइलानला आमचं बोलणं कळलं नव्हतं. मी तिला ती ओळ बोटाने दाखवली. तिने कागद हातात घेतला, उलटून मागच्या बाजूला पाहिलं. तिथे सरांच्या विद्यार्थ्याने झेरॉक्स केल्याची तारीख टाकली होती. त्या तारखेवर तिने बोट ठेवलं. मग नेहमीपेक्षा पुष्कळ हळू म्हणाली, “माझ्याच हातून सुटली. त्या दिवशी गिरणीच्या फाटकावर नावं लागली होती.”

कामावरून कमी केलेल्यांची नावं. त्यात तिचं होतं. सरांना ही गोष्ट तिने सांगितली ती नववर्षाच्या सणानंतर. तोवर महिनाभर ती रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची आणि स्टेशनच्या प्रतीक्षागृहात बसून राहायची, कारण तिथे ऊब असे. नंतर तिला कॉलेजच्या खानावळीत वाफेचे पाव करायचं काम मिळालं. सरांना एवढंच माहीत होतं; नावं लागली त्याच दिवशी तिने हा निबंध वाचून दाखवला होता, हे नव्हतं.

“डोळ्यांत पाणी आलं की ओळी एकमेकींवर चढतात,” ती म्हणाली. “मला वाटलं मी सगळं वाचलं.”

सर म्हणाले, “तुझा आवाज बसला होता त्या दिवशी. मी विचारलं होतं, सर्दी झालीय का.”

हे मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं.

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “आल्याचं पाणी पी म्हणालात. आणि मग म्हणालात, पुढे वाच.”

सरांनी हात पुढे केला, चाचपत तिचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.  मी कागद कपाटात ठेवला आणि खाली आले.

सकाळी त्यांनी माझ्याकडून संपादकांना फोन लावून घेतला आणि निबंध थांबवला. विभागप्रमुख छ्याओ सर स्वभावाने वाईट नव्हते. ते पाचव्या मजल्यावर धापा टाकत आले आणि समजावू लागले की आधी छापू द्या, पद पदरात पडू द्या, मग दुरुस्तीची चार ओळींची नोंद पाठवा. अशा निबंधांची शेवटची पानं कोण वाचतं?

“माझ्या घरी वाचतात,” सर म्हणाले.

ग्वेइलानने छ्याओ सरांना जिन्यात गाठलं. तिचं म्हणणं, कार्यालयात लिहून द्या की बायकोने चुकीचं वाचलं; तिचं त्यात काय जाणार, तिला थोडंच कुणी प्राध्यापक करणार आहे. ती बोलत होती जिन्यात आणि ऐकत होती सगळी इमारत. वरून सर म्हणाले की वाचणं तिचं काम आणि तपासणं त्यांचं, यात कुणी ढवळाढवळ करू नये.

पद दुसऱ्याला मिळालं, तळमजलाही. ग्वेइलानने वाचणं सोडलं. मला म्हणाली, “आता तू वाच, पोरी. तुझे डोळे शिकलेले आहेत.”

मी वाचू लागले. सर शांतपणे ऐकायचे, आभार मानायचे. चार-सहा संध्याकाळींनंतर त्यांनी मला थांबवलं. “शाओ, रागावू नकोस. तुला समजतं ना, म्हणून तू गाळतेस. ‘वगैरे’ म्हणतेस, ‘हे उघडच आहे’ म्हणतेस. तिला समजत नाही म्हणून ती एकेक खूण वाचते. आणि मला एकेक खूण लागते.”

मी हे खानावळीत जाऊन तिला सांगितलं. ती पाव वळत राहिली. म्हणाली, “तोंडदेखलं बोलतात मास्तर.” संध्याकाळी मात्र मला बरोबर घेऊन वर गेली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “पुन्हा सुटली तर?”

सरांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्याने म्हणाले, “ग्वेइलान, माझी एक ओळ राहिली. बाकीच्या सगळ्या मला कुणी दिल्या?”

ती आत गेली, चष्मा पुसला आणि बसली.

त्या उन्हाळ्यात सिद्धांत दुरुस्त झाला. चार घटकांची अट घातली की तो टिकत होता. फक्त सिद्धता लांबली आणि आधीसारखी झोकदार राहिली नाही. ती वाचायची, सर बोलायचे, मी लिहायचे. अधूनमधून ती आम्हाला रागे भरायची की खरबूज कापून ठेवलंय ते गरम होतंय. मला वाटतं, त्या घरातले ते सर्वांत सुखाचे दिवस असावेत. माझे तर होतेच.

शेवटी आभाराची ओळ आली. ग्वेइलान तेव्हा बाजारात गेली होती. सरांनी परीक्षकांचे, महाविद्यालयाचे आभार सांगितले, आणि मग आणखी एक वाक्य सांगून ते तिला दाखवू नकोस म्हणाले. संपादकांनी उलट विचारलं की या व्यक्तीचं पद आणि संस्था काय, तशी पद्धत आहे. सरांनी पद कळवलं वाचक, संस्था कळवली कापड गिरणी. संपादकांनी मुकाट्याने छापलं.

अंक आला तो हिवाळ्याच्या तोंडावर. सर निवृत्तीला टेकले होते, सहयोगी प्राध्यापक म्हणूनच. पाकीट मीच वर नेऊन दिलं आणि काही निमित्त सांगून लगेच खाली आले.

जेवणं झाल्यावर वाचन सुरू झालं. तीच ती चोच, तोच पोटवाला. मी दिवा न लावता बसून ऐकत होते. सिद्धता संपली. परीक्षकांचे आभार झाले, महाविद्यालयाचे झाले, आणि तिने श्वास घेऊन पुढचं वाक्य त्याच गिरणीतल्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून वाचलं, “प्रस्तुत लेखक हौ ग्वेइलान, वाचक, कापड गिरणी, यांचा ऋणी आहे. त्यांनी वाचलं म्हणून हे लिहिता आलं.”

वाक्य पूर्ण वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं असावं.

 मग खुर्ची सरकली, पावलं स्वयंपाकघराकडे गेली आणि मोरीतला नळ सुरू झाला. रात्रीची भांडी तिने मघाशीच घासली होती. नळ बराच वेळ चालू राहिला.