सदतीस भाग आणि एक चाबी

गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हुकुमचंद पटले यांनी अंगणात वाळत घातलेल्या मोटारीच्या भागांची मोजणी पूर्ण केली. एकूण भाग सदतीस. पुढच्या दोन सीटा, मागची लांब सीट, चार तुकड्यांत काढलेला गालिचा, दारांची आतली आवरणे, असे करत करत शेवटी दोरीवर दोन लुगड्यांच्या मध्ये लटकलेली सीटची कव्हरे. कव्हरे त्यांच्या पत्नी सुखवंताबाईंनी कोणाला न विचारता धुतली होती, त्यामुळे ती यादीत उशिरा चढली.

सोळा दिवसांपूर्वी गावामागच्या बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ फुटली होती. भातासाठी साठवलेले ते सगळे पाणी नाल्याची वाट सोडून गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या रस्त्यालगतच्या घरांत शिरले. पटल्यांचे घर उंच जोत्यावर असल्याने पाणी तिसऱ्या पायरीवर थांबले. पण गुरांच्या जुन्या कोठ्यात उभी असलेली अकरा वर्षांची मोटार सीटांपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर हुकुमचंदांनी भिंतीवरची गाळाची रेघ पट्टीने मोजली. एकसष्ट सेंटिमीटर.

विमा कंपनीचा सर्वेक्षक येऊन गेला आणि आठवड्याने पत्र आले. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांवर जात असल्याने गाडी पूर्ण नुकसानीत धरली होती. मालकापुढे दोनच पर्याय होते. गाडी कंपनीच्या स्वाधीन करून पूर्ण रक्कम घ्यावी. किंवा मोडीची किंमत वजा जाता उरेल ती रक्कम घेऊन गाडी नोंदणीसह आपल्याकडे ठेवावी. उत्तर आज सायंकाळी पाचपर्यंत द्यायचे होते. हुकुमचंदांनी पहिल्या पर्यायासमोर खूण केली होती, मात्र पेन्सिलीने. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी एकतीस वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग चालवला होता, आणि शेवटचे माप घेतल्याशिवाय शाई वापरायची नाही, हा तिथला त्यांचा दंडक होता.

ही खूण सोपी नव्हती. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गेल्या एप्रिलपासून, सुखवंताबाई याच गाडीवर मोटार शिकत होत्या. त्यांची धाकटी बहीण भूमेश्वरी नवेगाव बांधला राहते. तिच्याकडे जायचे तर कोहमाऱ्याला एसटी बदलावी लागे, आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यातच निम्मा दिवस जाई. गाडीला आधीचेच पाच पोचे होते, म्हणून आणखी एखाद्याची घरात कोणी पर्वा केली नाही. पक्क्या परवान्याची परीक्षा दहा ऑक्टोबरला होती. शिकाऊ परवाना चौदाला संपत होता. आणि नागपूरला नोकरी करणारा मुलगा लोकेंद्र फोनवर सांगून मोकळा झाला होता, "बाबा, पैसे आले की नवी कोरी घेऊ. पण पहिले दोन वर्षं मी चालवन. आईनं तर तिले हातच लावाचा नाई."

म्हणजे ही गाडी गेली की सुखवंताबाईंच्या हातचे स्टिअरिंग गेले. त्यांनी एका शब्दाने हट्ट धरला नव्हता, आणि हुकुमचंदांना तेच अधिक बोचत होते.

तरीही खूण पहिल्या पर्यायावर होती, याला एक कारण होते, आणि ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. पुराच्या सकाळी नेहमीच्या खिळ्यावर गाडीची चाबी नव्हती. दुपारी पाणी ओसरल्यावर ती गाडीतच, स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावलेली सापडली. हवेची गाळणी ओलीचिंब होती. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीला कोणी चाबी फिरवली तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. वरून काही दिसत नाही, पण ते इंजिन पुढे कधीही, कुठेही दगा देते. घरात त्या सकाळी माणसे दोनच होती. घाबरून गाडी रस्त्यावर काढायला गेली असेल बिचारी, असे समजून हुकुमचंदांनी विषय मनात मिटवला. चौकशी केली असती तर तिला आयुष्यभर लागून राहिले असते. तपासणीच्या तक्त्यात त्यांनी 'इंजिन' या शब्दापुढे 'संशयित' एवढेच लिहिले.

अंगणात सुखवंताबाई सीटचा फोम उलटवत होत्या. धान वाळवताना पायाने पसर फिरवावा तसा त्या दर तासाला एकेक भाग फिरवत, आणि मूठभर दाबून गालाला लावून पाहत. हुकुमचंद तोच फोम रोज सकाळी काट्यावर तोलून वजन लिहीत. दोघांचे निष्कर्ष आजवर एकदाही वेगळे निघाले नव्हते. फक्त सुखवंताबाईंचा एक दिवस आधी येई.

"हे वाळलं," त्या म्हणाल्या. "मागच्या सीटीच्या पोटात वल आहे अजून."

"गाडी उद्या जाणार. आता कायले उलटवून राहिली?"

"जाणाऱ्याले का वल्या आंगानं लावून देते कोणी?"

दहा वाजता विक्की आला. गोरेगावात त्याचे गॅरेज होते आणि बावीस वर्षांपूर्वी तो हुकुमचंदांच्या वर्गात होता. उद्या क्रेन येण्याआधी सीटा पुन्हा बसवून द्यायला त्याला बोलावले होते. त्याने पुढचे झाकण उघडले, तेलाची पट्टी ओढून पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली.

"सर, तेलात तं पाण्याचा थेंब नाई. प्लग काढून इंजिन हातानं फिरवून पाहिलं का?"

"गरज नाही. पाण्यात चाबी फिरवली गेली आहे."

"कोणं फिरवली?"

"ते महत्त्वाचं नाही," हुकुमचंद वहीकडे पाहत म्हणाले.

फोम हातात तसाच धरून सुखवंताबाई उभ्या राहिल्या. "काऊन महत्त्वाचं नाई? घरात आपण दोघंच होतो. मी नाई फिरवली. तुमी फिरवली का?"

"मला चाबी सापडली कुठे?"

"सापडन कशी? माह्या पदराच्या गाठीत होती."

विक्कीने हातातला पाना हळूच बोनेटवर ठेवला.

"कोठ्यात पाणी शिरलं," सुखवंताबाई त्याला सांगू लागल्या, "अन् हे पायजमा गुडघ्याच्या वर करून निंगाले. म्हणे, चालू करतो अन् सडकेवर काढतो. एकतीस वर्षं पोट्टेयले शिकवलं, का पाण्यातल्या गाडीले चाबी लावाची नाई. दर पावसाळ्यात जेवताना तीच गोष्ट, तिरोड्याच्या त्या पोट्ट्यानं इंजिन कसं खराब केलं. माही तोंडपाठ झाली. अन् आपल्यावर आलं तं हेच निंगाले. मग मी खिळ्यावरची चाबी काढली, बांधून घेतली."

"मग गाडीत कशी आली?" हुकुमचंदांनी विचारले.

"पाणी उतरल्यावर मीच लावून देल्ली. तुमी इचारलं असतं, चाबी कुठं होती, तं का सांगू? मास्तरले त्याचाच धडा शिकवला म्हणू?"

विक्की इंजिनात डोके घालून हसत होता. "सर, हा प्रश्न परीक्षेत वीस मार्काचा होता. मले त्याच्यात अठरा भेटले होते."

"सतरा," हुकुमचंद म्हणाले.

मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. "मला वाटलं, तूच फिरवलीस."

"अन् सोळा दिवस बोलले नाई?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून गाडीच देऊन राहिले?"

हुकुमचंदांनी होकारार्थी मान हलवली. सुखवंताबाईंनी फोम खाली ठेवला. "बाप्पा," त्या विक्कीला म्हणाल्या, "लग्नाले चाळीस वर्षं झाली, एवढी माया आजच पाहून राहिली मी."

यानंतरचे काम वर्गातल्यासारखे क्रमाने झाले. चारही प्लग बाहेर काढले. इंजिन हाताने फिरवले. ते कुठेही न अडता पुरते फिरले. पाणी गाळणीच्या डब्यापर्यंत चढले होते, पण इंजिनाने ते ओढलेच नव्हते. विक्कीने दाबमापक लावून चारही सिलिंडरांचे आकडे पुकारले आणि हुकुमचंदांनी ते लिहून घेतले: एकशे साठ, एकशे अठ्ठावन्न, एकशे साठ, एकशे एकोणसाठ. तक्त्यातला 'संशयित' शब्द त्यांनी पट्टी लावून खोडला. मग तेल बदलले, वायरींचे जोड पुसून कोरडे केले आणि विक्कीच्या गाडीतली बॅटरी जोडली.

"चाबी कोण फिरवते?" विक्कीने विचारले.

"जिच्याकडे होती, ती."

सीट अजून अंगणात होती. सुखवंताबाईंनी स्वयंपाकघरातला लाकडी पिढा आणला, गाडीच्या उघड्या तळावर ठेवला आणि त्यावर बसून स्टिअरिंग धरले. खिडकीतून फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता. तीन वेळा इंजिन नुसते कुरकुरले. चौथ्या वेळी पांढरा धूर निघाला, कोठ्यातल्या चिमण्या उडाल्या आणि आवाज लागला. विक्की कान देऊन ऐकत राहिला. हुकुमचंदांनी घड्याळ लावून दहा मिनिटे मोजली. पण त्या दहा मिनिटांत त्यांनी वहीत काही लिहिले नाही, कारण त्यांची नजर अंबाड्यावर होती.

दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी पेन्सिलीची खूण रबराने पुसली गेली आणि दुसऱ्या पर्यायासमोर शाईची खूण झाली. अर्जाचा फोटो मोबाइलवरून कंपनीला आणि लोकेंद्रला पाठवताच त्याचा फोन आला.

"बाबा, भंगारात काढलेली गाडी कोणी ठेवते का?"

"तुझी नवी तू घे," हुकुमचंद म्हणाले. "ही तुझ्या आईची आहे."

"अन् तुमी?"

"मी बाजूला बसणार."

दहा ऑक्टोबरपर्यंत सदतीसच्या सदतीस भाग जागेवर बसले, थर्ड पार्टीचा नवा विमा निघाला आणि गोंदियाच्या परिवहन कार्यालयाच्या मैदानावर सुखवंताबाई परीक्षेला उतरल्या. निरीक्षकाने गाडीच्या दारातून आत डोकावून नाक वर केले. "मॅडम, गाडी में मछली रखी थी क्या?"

"बोडी थी, साहब," त्या म्हणाल्या. "पूरी बोडी."

गाडी मागे घेताना एकही खांब हलला नाही, आणि त्या उत्तीर्ण झाल्या.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घालून दोघे नवेगाव बांधला निघाले. काचा बंद केल्या की गाळाचा वास येई, म्हणून चारही उघड्या ठेवल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या निसवलेल्या धानाचा वास आत येत होता. कोहमाऱ्याच्या चौकात ट्रक आडवा आला, तेव्हा हुकुमचंदांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर पडला.

"अकरावा डाव," सुखवंताबाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "मी मोजून राहिली."

भूमेश्वरी ताट घेऊन फाटकात उभी होती. "आधी कोणाले ओवाळू, गाडीले का बाईले?"

"बाईले," हुकुमचंद म्हणाले. "गाडी तिनंच वाचवली."

आत चहा ठेवला गेला. हुकुमचंद गाडीतच थांबले; त्यांनी किलोमीटरचा आकडा पाहिला, निघतानाचा आकडा त्यातून वजा केला आणि वहीत शाईने नोंद केली. चालक: सुखवंता पटले. इंजिन बंद पडले: शून्य वेळा. अंतर: ५४ किलोमीटर.