नाण्यावरची दोन सालं

मास्तर निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं एकच गोष्ट शोधत होते: टांकसाळीची चूक. यंत्र कधीतरी चुकतं, ते चुकलेलं नाणं कुणाच्या तरी खिशात येतं, मग माझ्याच खिशाने काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. दर महिन्याला एक नाणं घेऊन ते नाणेवाल्यांच्या दुकानात जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. एक नाणं रोडरोलरखाली गेलेलं निघालं, एक कपड्यांच्या ड्रायरमध्ये गरागरा फिरलेलं. एक पार गुळगुळीत होतं. ते मास्तरांनीच वर्षानुवर्षं किल्ल्यांच्या खिशात वागवलं होतं.

त्यांच्या बायकोने या छंदाला मनसोक्त नावं ठेवली. पण मास्तरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी भिंग कपाटात टाकलं. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. मग बिघडलंय काय, हे बाईंना कळेना. नावं ठेवायलाही काही उरलं नव्हतं.

शेवटी त्यांनी धाकट्या भावाचं गॅरेज गाठलं. दोन नाणी एकावर एक ठेवून टेबलावरच्या लोखंडी पकडीत घालायला लावली.

"ताई, हा गुन्हा असतो," भाऊ म्हणाला.

"गुन्हा माझा. तू दांडा फिरव."

खालच्या नाण्यावर वरच्याचा उलटा ठसा झकास उमटला. बाईंनी ते भाजीच्या सुट्ट्या पैशांत मिसळून टेबलावर टाकलं. तीन दिवस तसंच पडून होतं. चौथ्या दिवशी मास्तर ते नाणं नाचवत, ओरडतच स्वयंपाकघरात आले.

इथवर बेत फक्कड जमला होता. एकच घोळ झाला. मास्तर ते नाणं तपासायला नेतील, हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वहिनी, आज तुम्हीही?" नाणेवाल्यांनी खुर्ची पुढे केली.

"यांना जिने चढायचे, म्हणून सोबत आले," बाई म्हणाल्या आणि पंख्याकडे बघत बसल्या. आता हा माणूस नाही म्हणणार, आणि भिंग कायमचं कपाटात जाणार.

नाणेवाल्यांनी नाणं फिरवून फिरवून पाहिलं. "मास्तर, आधीचं नाणं यंत्राच्या साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्यावर असा उलटा ठसा येतो खरा. पण मग दुसरी बाजू खणखणीत उठते. ही बघा, चेपलीय. पकडीच्या दातांचे ओरखडेही आहेत."

मास्तरांनी ओरखड्यांवरून नख फिरवलं.

"आणि सालं दोन आहेत. नाण्याचं स्वतःचं, आणि उलटं उमटलेलं. उलटं साल दोन वर्षांनी पुढचं आहे. म्हणजे हे नाणं तयार होताना, अजून जन्मालाच न आलेलं नाणं याच्या डोक्यावर बसलं होतं."

मास्तरांनी हळूच मान वळवली. बायको पंख्याची पाती मोजत होती. तीनच होती, तरी मोजणं संपेना.

"तुझ्या भावाच्या गॅरेजात?"

"तुम्ही बोलतच नव्हता हो," बाई म्हणाल्या. "मला काय कळतं त्यातलं? म्हटलं, चुकलेलंच हवंय ना, चुकवून देऊ."

नाणेवाले उगाचच खणात काहीतरी शोधू लागले.

"निदान साल तरी बघायचंस," मास्तर म्हणाले. वर्गात चुकलेलं गणित दाखवावं तसं. "शाळेतलं पोरगंसुद्धा पकडेल."

"मला कुणी शिकवलंय?"

बारा वर्षांत हे मास्तरांना खरंच सुचलं नव्हतं. त्यांनी नाणेवाल्यांचं भिंग उचललं, खुर्ची फरफटत तिच्याजवळ आणली आणि समोरच्या ताटलीतल्या नाण्यांतलं एक तिच्या तळहातावर ठेवलं.

"भिंग डोळ्याला चिकटव. आता नाणं जवळ आण. काय दिसतंय?"

बाईंना स्वतःच्या पापण्या तेवढ्या दिसत होत्या. "कड जाडसर वाटतेय," त्यांनी ठोकून दिलं.

"छे. ती झीज. टांकसाळीची चूक आणि झीज यात फरक काय, सांगतो. नीट ऐक."

नाणेवाल्यांची जेवायची वेळ टळून गेली. मास्तर सातव्या नाण्यावर होते, आणि बाई दर वेळी चुकीचं उत्तर देऊन म्हणत होत्या, "बरं, पुढचं द्या."