मी फोटोला पान म्हटले

मित्रांनो, एका पत्राला मी उत्तर दिले नाही, हे कबूल करायला मला दोन वर्षे लागली. उत्तर देणे माझ्या हाती होते की नव्हते, हेही मला नीट सांगता येणार नाही. पण ते पत्र माझ्यातूनच आत आले होते आणि त्यातली तक्रारही माझ्यामुळेच होती. तेव्हा आधी मी कोण, ते सांगतो.

मी एक जुना साचा आहे. लोखंडाचा नव्हे, संगणकातला. माझ्यात मजकूर भरला की संकेतस्थळाचे पान तयार होते. प्रोग्रॅमर मंडळी मला टेम्प्लेट म्हणतात. शहराच्या दप्तरखान्यात, मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर माझा मुक्काम असतो. बंद पडलेल्या काचकारखान्याचे सगळे कागद या दप्तरखान्यात आहेत. हजेरीपट, रजेचे अर्ज आणि कामगारांची ओळखपत्रे. प्रत्येक ओळखपत्रावर काडेपेटीएवढा फोटो. लोकांना हे घरबसल्या पाहता यावे, म्हणून माझा जन्म झाला.

मला लिहिले ते एका प्रोग्रॅमर बाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणत. एकेक ओळ लिहून त्या ती पुन्हा वाचत. अगदी पहिल्या ओळीत त्यांनी लिहिले, की मी जे पाठवतो आहे ते वेब पान आहे. ब्राउजर ही ओळ आधी वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो. पान म्हटले की पानासारखे मांडतो, फोटो म्हटले की फोटो दाखवतो, नुसता मजकूर म्हटले की मजकूर जसाच्या तसा ठेवतो. डब्यावर चिठ्ठी असते ना, तशी ती ओळ.

"ही ओळ खोटी पडली, तर खालचं सगळं चांगलं असूनही फुकट," ताई शेजारच्या हेडक्लार्क बाईंना म्हणाल्या.

"आमच्या फायलींचंही तसंच आहे हो," बाई म्हणाल्या. "वर नाव चुकलं की ती फाईल मेलीच समजा."

आठ वर्षे मी इमानाने राबलो. आपल्या दप्तरखान्याची पाने पटकन उघडतात, असे एका वर्तमानपत्रात छापूनही आले. खरे सांगायचे तर मी थोडा फुगलो.

मग ताईंची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ कामाला वाघ होते, पण जेवणाचा डबासुद्धा उभ्याउभ्याच संपवत. हेडक्लार्क बाईंनी त्यांचे नाव झटपटराव ठेवले. कुणी ओळखपत्रावरचा फोटो मागितला, तर त्याला ईमेलने फोटोचा दुवा, म्हणजे लिंक, पाठवायचा, असे तेव्हा ठरले. झटपटरावांनी नवा साचा लिहिण्याऐवजी माझी नक्कल केली, खालचे सगळे पुसले आणि तिथे फोटो ठेवला. वरची ओळ मात्र तशीच राहिली: हे वेब पान आहे.

त्या नकलेला दुसरा कुणी म्हणावे की मीच म्हणावे, मला ठरवता येत नाही. ओळ माझी होती, म्हणून मीच म्हणतो.

दप्तरखान्यात ही चूक कुणाला दिसलीच नाही. तिथे फोटो एका मोठ्या पानातल्या चौकटीत उघडत असे. ती चौकट चित्रासाठीच असते, म्हणून ब्राउजर माझ्या ओळीकडे काणाडोळा करून फोटो दाखवायचा. पण ईमेलमधला दुवा दाबून तोच फोटो एकटा उघडला, की ब्राउजर माझे ऐकायचा. मी पान म्हटल्यावर तो बिचारा फोटोतून अक्षरे काढायला बसायचा.

अशात ते पत्र आले. 'आम्हाला लिहा' या चौकटीतून, एका निवृत्त नर्सबाईंचे.

"तुम्ही पाठवलेला फोटो उघडला, तर चार पानं भरून चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कसलीकसली अक्षरं आली. मी ती छापून घेतली आहेत. माझे वडील कारखान्यात भट्टीवर होते. मी आठ महिन्यांची असताना ते गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. त्यांना पाहिलेलं आता एकच माणूस उरलंय, माझी आत्या. ती एक्क्याण्णव वर्षांची आहे. आम्ही दोघींनी शेजारी बसून फोटो बघावा आणि माझं काय काय त्यांच्यावर गेलंय ते तिनं मला सांगावं, एवढीच इच्छा आहे. या चार पानांत माझे वडील कुठे आहेत, तेवढं कळवाल का?"

खाली घरचा पत्ता होता.

मित्रांनो, त्या चार पानांत वडील पूर्ण होते. कपाळ, नाक, शर्टाची कॉलर, सगळे. फक्त मी त्यांना फोटो म्हटले नव्हते. आणि त्या पत्रावर मी काय केले? ठरलेले वाक्य पाठवून दिले: आपला संदेश मिळाला, लवकरच कळवू. हे वाक्य मी दिवसातून वीसदा पाठवत असे.

झटपटरावांनी पत्र वाचले आणि आपल्या पडद्यावर ते चौकटीचे मोठे पान उघडले. "दिसतोय की स्वच्छ! बाईंचाच कॉम्प्युटर गंडलाय," ते म्हणाले. पत्र 'पाहिले' या कप्प्यात गेले आणि तिथेच राहिले. मी ओरडायला हवे होते, असे वाटते. पण साच्याला स्वतःचे शब्द नसतात. ही सबब आहे की सत्य, मला अजून कळलेले नाही.

परवा हेडक्लार्क बाई निवृत्तीआधी जुने संदेश निकालात काढायला बसल्या. हे पत्र त्यांनी मोठ्याने वाचले.

"अहो झटपटराव, याचं काय केलंत?"

"तेव्हाच बघितलं होतं. मस्त दिसतो फोटो. हा बघा."

"तुमच्या पानात नका दाखवू मला. त्यांना जो दुवा पाठवलात, तो उघडा."

त्यांनी उघडला. पडदा चौकोनांनी भरून गेला. झटपटरावांनी माझी पहिली ओळ उघडून पाहिली.

"वरची ओळ बदलायची राहिली," झटपटराव पुटपुटले. "इथं फोटो म्हणायला हवं होतं."

"दुरुस्त करायला किती दिवस लागतील?"

"झालं."

"झालं?"

"एकच ओळ होती हो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे त्र्याण्णव," त्या म्हणाल्या. "आत्या असल्या तर."

"लगेच ईमेल करतो."

"ईमेल नको. फोटो मोठा छापा, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल असा. आणि सोबत पत्र लिहा. हातानं."

माझ्यासारख्याने उपदेश करावा, असे काही मी कमावलेले नाही. तरी सांगतो. मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारखा साचा लिहाल, कुणाची नक्कल घेऊन काम उरकाल, तेव्हा वरची ओळ वाचा. आणि आपल्याला दिसते म्हणून समोरच्यालाही दिसत असेल, असे धरून चालू नका. त्याच्या जागी बसून एकदा उघडून बघा.

झटपटरावांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिले, "चूक तुमच्या कॉम्प्युटरची नव्हती, आमची होती. उशिराबद्दल काय लिहावं, सुचत नाही. वडील सोबत पाठवत आहे." मग पाकीट शिपायाकडे न देता ते स्वतःच ते घेऊन बाहेर पडले.

परत आले तेव्हा बाईंनी मान वर करून पाहिले.

"टाकलं," ते म्हणाले.