भगवंतरावांची बोली

नोटीस मीच लिहिली होती, चुकाही माझ्याच. ‘ऑल चिल्ड्रन्स’ना बजावलं होतं की प्रदर्शनातल्या ‘फर्निचर्स’ला हात लावू नका. पालकांच्या ग्रुपवर तीच नोटीस परत आली तेव्हा तिच्यावर सात लाल गोल होते. खाली एक ओळ : ‘हीच का आपल्या मुलांची इंग्रजीची बाई?’

गोल काढले होते भगवंतरावांनी. पाचवीतल्या करिश्माचे आजोबा. पुण्यात मोठ्या नोकरीत जन्म काढून अकोटला परतलेले. चुकीचं अनेकवचन कानावर पडलं की त्यांची दाढ ठणकते, हे गावभर माहीत. लोकांच्या लग्नपत्रिकाही ते सोडत नाहीत.

संस्थेचे सचिव सूर्यभान सर यांनी मला बोलावलं. “दामिनी मॅडम, माफीनामा लिहून द्या. नाही तं पाचवी काढून घ्या लागीन तुमच्याकडून. पालक लय बोंबलून राहिले.”

“चुका सकाळीच दुरुस्त केल्या सर, नवीन नोटीस लावली. माफी कायची?”

पाचवी मी अशी सोडणार नव्हते. जूनमध्ये हीच पोरं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. आता वर्गात बाजार भरतो, आणि तो इंग्रजीतून भरतो. मोडक्यातोडक्या का होईना, पण त्यांच्या स्वतःच्या इंग्रजीतून. ते कोणी माझ्या हातून काढून घेणार असेल तर मी गप्प का बसू?

शनिवारी पालकसभा झाली. भगवंतराव नोटिशीचा कागद घेऊन उभे राहिले. “चिल्ड्रन हेच अनेकवचन. त्याला पुन्हा एस लावणं म्हणजे टोपीवर टोपी. आणि या बाई आमच्या मुलांना घडवणार!”

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझे वडील पुंजाजी भाजीवाले. लहानपणी मी त्यांच्यासोबत पहाटे भाजीच्या हर्रासाला, म्हणजे लिलावाला जायचे. तिथल्या माणसांची एक रीत होती. दुसऱ्याच्या वांग्याचा बांधलेला कट्टा, म्हणजे पोतं, सोडायला लावून, एक किडकं वांगं काढून कोणी चारचौघांत दाखवलं, तर पहिली बोली त्यानंच लावायची. नुसतं नाव ठेवून त्याला निघून जाता येत नसे. ती रीत मला सभेत आठवली, आणि मी बाजारातल्या आवाजातच बोलले.

“आजोबा, किडकं वांगं तुमी काढलं. खरं हाये, किडकंच हाये. पण आमच्या हर्रासात कट्टा ज्यानं सोडला, बोली त्यानं लावा लागते. चला पाचवीत. दहा मिनिटं तुमी शिकवा. पोरं तुमच्यासंगं बोलली, तं मी आजच वर्ग सोडतो.”

सूर्यभान सरांनी कपाळाला हात लावला. भगवंतराव मात्र ताठ मानेनं निघाले. पालक खिडक्यांशी जमले.

त्यांचं इंग्रजी सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी मुलांना घरच्या जनावरांबद्दल विचारलं. श्रावण उड्या मारतच उठला. “सर, माय फादर हॅव...”

“हॅज!”

श्रावण बसला. मग सागर उठला. “इन माय व्हिलेज मेनी पीपल्स...”

“पीपल!”

सागरही बसला. त्यानंतर कोणी उठलंच नाही. भगवंतराव विचारत राहिले, पोरं बाकाकडे बघत राहिली. मी जिंकत होते, तरी त्या पोरांची तोंडं बघून मला रडू येत होतं.

शेवटी त्यांनी नातीकडे पाहिलं. “करिश्मा, यू टेल देम.”

करिश्मानं माझ्याकडे पाहिलं.

“बोल बेटा,” मी म्हटलं. “जे बोलाचं ते बोल.”

ती उभी राहिली. “ग्रँडफादर, इन धिस क्लास आय स्पीक डेली. इन हाउस यू आर कटिंग माय ऑल सेन्टेन्सेस. सो फ्रॉम दिवाळी आय अ‍ॅम नॉट टॉकिंग विथ यू. यू डिडन्ट नोटिस्ड.”

खिडकीतलं कोणी हसलं नाही. भगवंतरावांचं बोट सवयीनं वर गेलं, तोंड उघडलं.

“आजोबा,” मी म्हटलं, “तिचं पुरं होऊ द्या.”

“इट इज कम्प्लीट, मॅडम,” करिश्मा म्हणाली, आणि खाली बसली.