पहिल्या हाकेला

आमच्या बीडकडं पोरानं शिकून मास्तर व्हावं, फौजदार व्हावं, अगदीच काही जमलं नाही तर सोसायटीचा गटसचिव व्हावं. बंकटला मात्र पुण्याला जाऊन सिनेमासाठी आवाज टिपायचं शिक्षण घ्यायचं होतं. बाप अर्जुनराव सहकारी साखर कारखान्यात फिटर. दुष्काळानं ऊस जळाला, गाळप बंद, पगार बंद; तरी त्यांनी पोराला अडवलं नाही. "यंदा नंबर लागला तर जा, न्हाईतर माझ्यासंगं पाना धर," एवढंच म्हणाले.

प्रवेशाच्या मुलाखतीला आपल्या भागातला एक आवाज टिपून न्यायचा होता. बंकट भर दुपारी माजलगावच्या धरणात उतरला. पाणी आटून बुडालेल्या जुन्या गावाची जोती उघडी पडली होती. माणूस सोडा, पाखरूसुद्धा नव्हतं. रेकॉर्डर सुरू करून, हेडफोन लावून तो एका जोत्यावर बसला. वारा वाहत होता, गाळ तडकत होता. आणि मग अगदी कानाशी एक बाई म्हणाली, "बंकटऽऽ."

आवाज त्याच्या आईचा होता. 'ओ' ओठांवर आलीच होती. पण आईनं, छबुबाईनं, लहानपणापासून बजावलेलं: पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, माणूस असेल तर पुन्हा हाक मारतंच. त्यानं जीभ दाताखाली धरली. चहूकडं पाहिलं. कुणी नव्हतं. दुसरी हाक आली नाही. तो असा पळाला की एक चप्पल गाळातच राहिली.

घरी आई म्हणाली, "मी कावून हाक मारीन? मी तर टँकरच्या लायनीत हुते."

त्यानं टिपलेलं तिला ऐकवलं. ऐकता ऐकता छबुबाईनं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

"तुझं नाव कुठं हाय त्यात?" ती कशीबशी बोलली. "'छबे' म्हनली. माझी मेलेली माय म्हनायची तसं. पुसून टाक रं बाबा."

म्हणजे जो ऐकेल त्याचंच नाव. बंकटनं रेकॉर्डर उचलला. पुसायला बोट पुढं केलं, आणि मनात आलं, असला आवाज पुण्यात दुसरं कोण आणणार? हाव वाईट. त्यानं तो ठेवला.

मुलाखतीला पांढऱ्या दाढीचे एक सर होते आणि एक मॅडम. मॅडम खिडकीशी फोनवर बोलत होत्या. बंकटच्या उत्तरांनी सर केव्हाचे कंटाळले होते. त्यानं त्यांच्या कानाला हेडफोन देऊन आवाज लावला तसे ते पुढं झुकले. 'सर, ओ देऊ नका,' एवढं सांगायला हवं होतं. पण भुताची भीती घालतो म्हणून हाकलून देतील, या धास्तीनं बंकट गप्प बसला.

"ओ! आलो, आलो गं," सर म्हणाले. खेळ सोडून पोरगं घराकडं धावतं तसे उठले आणि दार उघडून गेले. हेडफोन आणि चष्मा टेबलावरच राहिले. बंकटनं बाहेर डोकावलं. लांबलचक व्हरांडा रिकामा होता. एवढ्यात जिना गाठणं त्या वयात शक्यच नव्हतं.

मॅडम फोन ठेवून वळल्या. "सर बाहेर गेले वाटतं? असे पुढं झुकून ते कुणाचं कधी ऐकत नाहीत. तुझा प्रवेश झालाच समज. पण मी ऐकलं नाही रे. पुन्हा लाव बघू."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. बंकटनं हेडफोन पुढं केले, बटण दाबलं आणि मॅडमच्या ओठांकडं बघत राहिला.