धवल्यातलं नाव

“आरं, डीजे बंद कर आधी! धवलारीन आलीय,” सोनाबाई मांडवातून ओरडली.

गाणं तुटलं. गोदू पाटाशेजारी बसली, तांदळाचं सूप पुढे ओढलं. आगरी घरात धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि धवल्यात वराच्या आईबापाचं नाव यावंच लागतं.

वर प्रणित. आई किशोरी, बाप दयाराम. सत्तावीस वर्षांपूर्वी हाच दयाराम गोदूला गव्हाणच्या घरात ठेवून पनवेलला किशोरीकडे राहायला आला, तो परत फिरला नाही. काडीमोड झाला नाही. गोदूने मंगळसूत्र ठेवलं आणि बायकोने पाळायचा नेम पाळला : नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. रेशनच्या ऑफिसात कोणी विचारलं की ती शेजारणीला पुढे करायची. साहेब हसायचे.

दयारामची बहीण सोनाबाई चार दिवसांपूर्वी गोदूच्या ओटीवर येऊन बसली होती.

“वयनी, तुझ्याबिगर गानारी कोन हाय आता? पोराचा काय गुना?”

“पोराचा नाय. पन मना नाव घ्यावं लागंल.”

“नुसता ‘वरबाप’ म्हन.”

“तसं कुनाच्या लग्नात गायलंय मी?”

आता किशोरी हळदीची वाटी घेऊन आली. “गोदूताई, चहा सांगू?”

“आधी काम.”

मागे दोघी कुजबुजल्या, “बग, आज अडकनार म्हातारी.”

दयाराम खांबाला टेकून मोबाइल बघत होता.

गोदूने सुरुवात केली. देव झाले, गाव झालं, आजा-आजी झाले. मग ती थांबली. सोनाबाई वाकून म्हणाली, “वरबाप म्हन गो.” गोदू तांब्यातलं घोटभर पाणी प्यायली, मग तिने तांब्या जागेवर ठेवला.

“दयाराम,” तिने गायलं. कुठल्याही वराच्या बापाचं घेते तसं, खणखणीत. त्याला जोडून किशोरीचं.

दयारामने मान वर केली. धवला पुढे गेला आणि संपला.

हळद लावायला पाच सवाष्णी लागतात. गव्हाणच्या प्रत्येक मांडवात त्यातली पहिली गोदूच असायची. बाकी चौघी पाटाभोवती जमल्या आणि सोनाबाईने सवयीने वाटी तिच्यापुढे धरली.

गोदूने सूप मांडीवर घेतलं, तांदूळ सारखे केले.

“चौगी झाल्या,” ती म्हणाली. “अजून एक सवाशीन बोलवा.”