नागप्पाच्या चादरीतला निलगिरीचा वास

मी वास आहे, निलगिरीच्या पानाचा. नाक जरा जवळ आणा, म्हणजे ऐकू येईन.

होटगी स्टेशनामागच्या झाडावर मी जन्मलो. ऊन तापलं की पान आम्हाला हवेत सोडून देतं. माझी भावंडं तशीच उडून गेली. मी मात्र पानासकट नागप्पाच्या चादरीत आलो. नागप्पा रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. ढेकूण होऊ नयेत म्हणून तो घडीत निलगिरीची पानं ठेवायचा.

चादरीत माझ्याआधीच एक जण मुक्कामाला होता. नागप्पाच्या घामाचा, कोळशाचा, तेलाचा वास. जड, चिवट, ओशट. मला तो कधीच आवडला नाही.

शहात्तरच्या मार्चात नागप्पा तापानं गेला. त्याचा धाकटा भाऊ धोंडप्पा चादरीत तोंड खुपसून बसू लागला. "अण्णाचा वास येतोय," म्हणायचा. अहो, त्याच्या नाकात आधी मी शिरत होतो! रडून चोंदलेलं नाक मी मोकळं करत होतो. नाव मात्र त्या ओशटाचं.

मेलेल्याचं पांघरूण ऊन दाखवल्याशिवाय त्या घरात ठेवत नसत. आई सिद्धम्मा चादर न्यायला आली.

"अव्वा, हात लावू नगंस! वास जाईल की."

"जाऊ दे. लेकरागत काय धरून बसलास? मिशा फुटल्यात तुला."

"मिशा काढून टाकतो, चादर न्हाय देत!"

सिद्धम्माला हसू फुटलं. त्या हसण्याचाच तिला राग आला. तिनं चादर हिसकावून तारेवर टाकली.

मी खूश झालो. म्हटलं, आता तो ओशट उडेल, धोंडप्पाला फक्त मी उरेन.

पण हलका मी होतो. ऊन लागताच मीच उडालो.

वर इंजिनांचा धूर होता. उन्हात त्या धुराशी माझी गाठ पडली आणि मी मोडलो. माझ्यामुळं हवेत ओझोन नावाचा झोंबरा वायू वाढला. उरलेला मी बारीक कण होऊन निळसर तरंगत राहिलो. मला माझाच वास येईना.

खाली धोंडप्पा धावत आला. त्यानं चादर नाकाशी धरली. मी जीव मुठीत धरून बघत होतो. म्हण ना, काहीतरी कमी झालंय म्हण.

"अव्वा, ये की हिकडं! आता नुसता अण्णाच येतोय बघ!"

सिद्धम्मानंही चादर हुंगली. "व्हय रं," एवढंच म्हणाली आणि चादर आपणहून त्याच्या खांद्यावर टाकली.

माझं मागणं थोडं आहे. दुपारी होटगीवर निळी झाक दिसली, डोळे चुरचुरले, तर खुशाल शिव्या द्या. फक्त तिला इंजिनाचा धूर म्हणू नका. तिच्यात मी आहे.